येण्याचं कारण

आरोहीने दुमडलेल्या चादरीची कड मुठीत गच्च धरली आणि बाजेच्या पलीकडे उभ्या असलेल्या छबुकाकूंना मानेनेच खूण केली. बाजेवर आरोहीची आई, बायनाबाई होती. दिवाळीच्या आधी लकवा मारल्यापासून बायनाबाईंचं उजवं अंग त्यांचं राहिलं नव्हतं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. खिडकीत तुपाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमधून माला, आरोहीची मोठी बहीण, जर्मनीहून सगळं सांगत होती.

“ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी निघते. तयार? आइन्स, त्स्वाय, द्राय!”

दोघींनी उचललं. आई डाव्या कुशीवर आली. तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला आणि विरला.

“माले, ह्यो कंचा मंतर गं?” छबुकाकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. त्यांचं घर मेंढरांचं. उचलायचं, वळवायचं काम त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. “आमच्या मेंढरास्नी लागू पडंल का?”

“एक, दोन, तीन आहे ते काकू. तोंडात बसलंय.”

“आन् आपलं एक, दोन, तीन कुटं गेलं?”

माला हसली. मग म्हणाली, “आरू, गुडघ्यांच्या मध्ये उशी. आणि पाठ दाखव मला.”

आरोहीने मोबाइल उचलून आईच्या पाठीजवळ धरला. कमरेच्या खालच्या हाडावर रुपयाएवढी लाल जागा होती. पडद्यावरची माला पुढे झुकली. तिच्या मागे पांढरी भिंत, पांढरा दरवाजा, आणि तिच्या छातीवर तिच्या नावाची पट्टी होती. तिची जेवणाची सुट्टी चालू होती.

“गादीत हवा आहे ना?”

“लाईट हाय तवर हाय.”

मालाने सांगून बीडहून मागवलेली ती हवेची गादी पंपावर चालायची. लाईट गेली की पंप गप्प व्हायचा आणि आई हळूहळू खाली जायची. तेव्हा आरोही गोधड्यांच्या घड्या करून तिच्याखाली सारायची आणि महावितरणला अशा शिव्या द्यायची की छबुकाकूही म्हणायच्या, “दहावीला हाइस का ट्रॅक्टरवर?”

दहावीच्या भूगोलात यंदा भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडलेले होते. हवामान, नद्या, लोकसंख्या, सगळ्याची तुलना. आरोहीला ते इतकं आवडलं होतं की तिने वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा एक तक्ता सुरू केला होता. त्यात ब्राझीलऐवजी जर्मनी. माहिती द्यायला घरचंच माणूस तिथं होतं. पाणी, इथं : आठ दिवसांनी, तेही आलं तर. तिथं : कायम, नळाचं तसंच पितात. बस, इथं : आली की कळतं. तिथं : तीन मिनिटं उशीर झाला तर माफी मागतात. म्हातारी माणसं, तिथं : बटण दाबलं की खाट उठून बसते. माला काम करते त्या वृद्धाश्रमातल्या चौदा नंबरच्या खोलीतल्या आजीची मुलगी चाळीस मिनिटांवर राहते आणि नाताळला येते. इथं : खाट उठत नाही. भेटायला सगळा गाव येतो आणि सगळा गाव सल्ला देतो.

ही शेवटची ओळ तिने आईला वाचून दाखवली होती. आईच्या तोंडाचा डावा कोपरा हलला होता. ते हसू होतं हे आरोहीने लगेच मालाला कळवलं होतं, तीन उद्गारचिन्हांसकट.

आई एकच शब्द नीट बोलायची. “मा-ला.” सकाळी डोळे उघडले की, आणि दार वाजलं की.

“जानेवारीत येतीय ती,” आरोही सांगायची. “रजा मिळाली की लगीच.”

जानेवारी उजाडला. अण्णांनी, म्हणजे आरोहीच्या वडिलांनी, सुंदररावांनी, त्याच आठवड्यात स्टँडवर फ्लेक्स लावलं. एके काळी ते पंचायत समितीवर होते. आता कुठंच नव्हते, पण गावात वाढदिवसापासून बारशापर्यंत काहीही असलं तरी शुभेच्छुकांत त्यांचा फोटो असायचाच. शाळेतून येताना आरोही सायकलवरून उतरली आणि मान मागे टाकून बघत राहिली. दहा फुटांची माला! ‘युसूफ वडगावची लेक, भारताची शान! २६ जानेवारी रोजी जि. प. शाळेत विजयमालाताईंच्या शुभहस्ते ध्वजारोहण.’ डाव्या बाजूला तिरंगा आणि उजव्या बाजूला जर्मनीचा झेंडा. जागा कमी पडली म्हणून फ्लेक्सवाल्याने जर्मनीचा झेंडा आडव्याचा उभा केला होता. आता तो कुठल्याच देशाचा राहिला नव्हता. आरोही एकटीच खो खो हसली आणि फोटो काढून तिने तिथूनच मालाला पाठवला.

फोन लगेच आला. चेहरा नव्हता, नुसता आवाज.

“आरू, ते उतरवायला सांग अण्णांना.”

“कावून? फोटो तर लई भारी आलाय तुझा. झेंडा तेवढा—”

“मला झेंडा फडकवता येणार नाही.”

“निस्ती दोरी ओढायची असती ताई. जर्मनीत दोऱ्या न्हाईत का?”

आरोहीने मोबाइल कानापासून काढून पाहिला. फोन चालूच होता.

“मी आता भारताची नाही आरू. कागदावर. इथलं नागरिकत्व घेतलंय.”

स्टँडवर केजची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. आरोही सायकल ढकलत रसवंतीच्या मागे गेली.

“दोन्ही ठेवता येत नाहीत. आपल्याकडं चालत नाही,” माला सांगत होती. “आपला पासपोर्ट जमा करायला दिला. इथला अजून छापून यायचाय. तो आला की व्हिसा मागायचा. मग येता येईल. मी रोज विचारते गं.”

“व्हिसा? हितं यायला?”

“हो.”

“आपल्या घरी?”

“हो.”

“कधी घेतलंस ते?”

“नोव्हेंबरच्या शेवटी शपथ झाली.”

आरोहीने बोटांवर महिने मोजले. आई ऑक्टोबरमध्ये पडली होती.

“तारीख आधीच मिळालेली होती,” माला भराभर बोलू लागली. “सोडली असती तर परत वर्ष गेलं असतं. सहा वर्षं झाली मला. दर वेळी कागद घेऊन रांगेत उभं राहायचं, एवढं एक वर्ष राहू द्या म्हणायचं. पाहुणीसारखं राहून कंटाळले मी. इथं कुणी विचारत नाही, तू कुणाची, कुठल्या घरची. आधी लई बरं वाटायचं ते. मग वाटायला लागलं, मी कुणाचीच नाही. म्हटलं, कागदावर तरी कुणाची तरी होऊ. आणि मला वाटलं, तोवर आई बरी होईल.”

“तू नर्स हाइस ताई,” आरोही म्हणाली.

माला म्हणाली, “अण्णांना मी सांगते. तू नको सांगू. आईला तर नकोच.”

घरी आल्यावर आरोहीने दप्तर न उतरवताच आईजवळ बैठक मारली. आईने डोळे उघडले.

“मा-ला?”

“येतीय. रजा मंजूर झाली,” आरोही म्हणाली. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. आईच्या डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता.

पुढचे दिवस आरोहीला एकसारखे गेले. रुपयाएवढी जागा लिंबाएवढी झाली, मग फाटली. माला सकाळ-संध्याकाळ फोनवर यायची. मलम कुठलं, पट्टी कशी, ताप किती. तिला सगळं येत होतं. चौदा नंबरच्या आजीला एवढ्या वर्षांत अशी जखम एकदाही झाली नाही, हे तिनेच कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. आरोहीला ते आता आठवायचं आणि ती पट्टी करताना दात आवळून घ्यायची. “पासपोर्ट आला?” एवढंच विचारायची. “पुढच्या आठवड्यात,” माला म्हणायची. मग एक दिवस म्हणाली, “आला! आता व्हिसा. चार दिवस लागतात.”

करीच्या दिवशी, संक्रांतीच्या दुसऱ्या सकाळी, छबुकाकू आणि आरोहीने चादर धरली. आरोही “एक” म्हणाली आणि थबकली. चादर सोडून तिने आईच्या तोंडासमोर तळहात धरला; तो गारच राहिला, श्वास लागला नाही.

व्हिसा दुसऱ्या दिवशी आला.

अण्णांच्या मित्रमंडळाने त्याच फ्लेक्सवाल्याला गाठलं. चौकट उभीच होती, तिच्यावर नवं फ्लेक्स ठोकलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ आईचा तो एकुलता धड फोटो, लग्नातला, मोठा करून पार विरलेला. वारं आलं की खालचा कोपरा उचलला जायचा आणि ‘भारताची शान’मधली ‘शान’ दिसायची.

त्या संध्याकाळी मालाने अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. अण्णा ओसरीत बसले होते. माणसं भेटायला येत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन आरोहीच्या हातात दिला आणि समोर बसलेल्या माणसाला म्हणाले, “तिकीट मिळाना झालंय पोरीला.”

माला पाचव्या दिवशी आली. गाडीतून उतरली, सरळ आत गेली. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. गादी, गोधड्या देऊन टाकल्या होत्या. पंप तेवढा कोपऱ्यात होता, नळी गुंडाळलेला. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. छबुकाकूंनी स्टँडवरून विकतच्या पाण्याची बाटली आणून तिच्यापुढे ठेवली.

“हितलं सोसायचं न्हाई तुला,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

बायका गेल्यावर माला आरोहीजवळ सरकली.

“शेवटी जखम केवढी झालती?”

आरोहीने तळहात उघडून दाखवला. मग तो तिला लहान वाटला म्हणून दुसरा शेजारी लावला. मालाने ते दोन्ही हात धरले आणि बघत राहिली, हात रिकामे असूनही.

जेवताना ती अण्णांना म्हणाली, “अण्णा, चोवीस तासांत ठाण्यात कळवावं लागतं. ज्याच्या घरी राहायचं त्यानं.”

“काय कळवायचं?”

“मी आलेय म्हणून.”

अण्णांनी ताटात पाणी सोडलं.

सकाळी तिघं ठाण्यात गेली. बद्रीनाथ हवालदार अण्णांना बघून उठून उभे राहिले. ते मयतीला येऊन गेले होते. त्यांनी खुर्ची पुसली, चहा सांगितला. आरोहीनेच फॉर्मचं नाव सांगितलं. मालाने फोनवर लिहून दिलं होतं तिला.

“ते परदेशी पाव्हण्याचं असतंय पोरी,” बद्रीनाथ म्हणाले. “तुमच्याकडं कोण आलंय परदेशी?”

“माला,” अण्णा म्हणाले.

बद्रीनाथ हसले. मग त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मालाने पुढे केलेला लाल पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतला, कुणाची तरी पत्रिका घ्यावी तसा. उघडून वाचला. जन्मठिकाण, युसूफ वडगाव. राष्ट्रीयत्वापाशी त्यांचं बोट थांबलं. ते संगणकाकडे वळले आणि एका एका बोटाने टाइप करू लागले.

“राहणार कुटं?”

“घरी,” अण्णा म्हणाले.

“किती दिवस?”

“व्हिसाचे सव्वीस दिवस राहिलेत,” माला म्हणाली.

“येण्याचं कारण?”

“आईला भेटाया,” अण्णा म्हणाले.

बद्रीनाथांची बोटं तशीच वर राहिली. “अण्णा, वहिनी तर...”

“भेटायाच आली ती. लिव्हा.”

“तसं लिव्हता येत न्हाई हो. ह्यात ठरलेलं असतंय, त्यातलंच एक घ्यावं लागतं.” त्यांनी पडदा अण्णांकडे वळवला. अण्णांनी चष्मा खिशात चाचपला, तो आणलाच नव्हता. मग त्यांनी आरोहीकडे बघितलं. आरोहीने यादी वाचली. धंदा होता. शिक्षण होतं. उपचार होते, परिषद होती. तिने वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचली, पेपर सोडवताना वाचतो तशी, काहीतरी सुटलं असेल म्हणून.

“पर्यटन टाका,” माला मागून म्हणाली.

बद्रीनाथांनी टाकलं. यंत्राने घरघर करत कागद बाहेर काढला. खाली ‘यजमान’ असं छापलेल्या ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं आणि अण्णांच्या हातात पेन दिला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली अण्णांची ती लांबलचक, शेपटीवाली सही तिथं उमटली नाही. त्यांनी नाव लिहिलं. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, दाबून. लिहिता लिहिता मध्येच थांबले, मान वर न करता त्यांनी विचारलं, “आज तारीख किती हाय गं?”

“वीस,” दोघी बहिणी एकदमच बोलल्या.