हातभर अंतराचा डवरा

सूर्यभान ताथोडाला कोणाचे उपकार घेणं जमत नसे, आणि घ्यावेच लागले तर ते तोंडाने बोलून दाखवणं त्याहून जमत नसे. पंगतीत सोयऱ्याने आग्रहाने लाडू वाढला, तर हा गृहस्थ लाडवात तूप कमी पडल्याचं सांगायचा. गावाने त्याचं तोंड आहे तसं पदरात घेतलं होतं. बायको लीलाबाई तर बावीस वर्षं ते ऐकूनच संसार करत होती.

अशा माणसावर दोन हजार सहाच्या पावसाळ्यात भलतीच वेळ आली. दोन वर्षांमागे बैलगाडी उलटली तेव्हा त्याचा उजवा गुडघा जो आखडला, तो आखडलाच. काठीशिवाय चालणं होईना. त्यात वैशाखात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चरताना एका बैलाला साप चावला आणि उमदं जनावर तासाभरात आडवं झालं. उरलेल्याला जोड शोधत सूर्यभान बाजारोबाजार फिरला. मनासारखी जोड मिळेना, आणि एका बैलाने काही शेत होत नाही. शेवटी तोही विकावा लागला. अडीच एकरांत लीलाबाईने एकटीने दोरी लावून, वाकून वाकून, खुरपीने एकेक बी टोबलं. घरचीच गावरानी सरकी होती. बिचारी उगवलीही छान.

पण कपाशी उगवते तसं गवतही उगवतं, आणि त्याला कोणी पेरावं लागत नाही. कपाशीच्या दोन ओळींमधून डवरा फिरवला की त्याचं आडवं पातं गवत कापतं, माती मोकळी करतं. डवरा ओढतात बैल. ताथोडांच्या दावणीला बैल नव्हता. पहिल्या दिवशी सूर्यभानने स्वतः दोर खांद्यावर घेतला आणि दहाव्या पावलाला गुडघ्यावर बसला. मग लीलाबाईने त्याच्या हातातून दोर काढून घेतला, उजव्या खांद्यावर टाकला आणि ओढायला लागली. मागे एका हाताने डवरा दाबत, दुसऱ्या हाताने काठी टेकत लंगडणारा सूर्यभान.

त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची पाहणी करायला वऱ्हाडात मोटारी भरभरून माणसं येत होती. कोणी कागद भरून घ्यायचं, कोणी नुसतीच मान हलवायचं. त्यातलीच एक मोटार रस्त्यावर थांबली. एक कॅमेरावाला धुऱ्यावरून धावत आला आणि म्हणाला, "वहिनी, जरा अजून वाका ना. चेहरा छान येईल."

सूर्यभानने डवरा सोडला. "ये बे, इकडं ये! तूच जुंपून घे. मी काढतो तुह्या फोटो!" असं म्हणत त्याने ढेकळं उचलली. कॅमेरावाला पळाला. लीलाबाई मात्र तशीच दोर धरून उभी होती. तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, आणि तो उन्हासाठी नव्हता.

घरी आल्यावर तिने खांद्याला खोबरेल लावलं. दोराने कातडं सोललं होतं. सूर्यभानला ते बघवेना. पण बोलला काय, तर "दोर जाड घ्याचा होता."

"जाड दोर घेतल्यानं बाईचा बैल होत नाई," लीलाबाई म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

हे वाक्य त्याला झोंबलं. हिच्या खांद्यावर पुन्हा दोर चढू द्यायचा नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. पण करायचं काय? हप्ताभर पावसाची उघाड होती. तेवढ्यात डवरणी झाली नाही, तर गवत कपाशीला गिळणार आणि लीलाबाई कोणाला न विचारता पुन्हा दोर घेणार.

सकाळी त्याने लग्नात सासऱ्याने दिलेली सायकल ऑटोवर बांधली आणि तालुक्याचं तेल्हारा गाठलं. बसस्टँडमागच्या गल्लीत फुरकान मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. फुरकानच्या हाताला शिक्षण नव्हतं, पण गुण होता. खाटेच्या अँगलमधून त्याने वखर केले होते, स्कूटरच्या चाकांवर पाण्याची टाकी बसवली होती. ठिणग्यांनी त्याच्या शर्टाची चाळण झालेली असायची.

"सायकलचा डवरा पायजे," सूर्यभान म्हणाला. "मानसानं ढकलाचा. ओढाचा नाई."

"सासऱ्याची निशानी कापू म्हनता?"

"सासऱ्याची पोरगी जपाची हाय. काप!"

फुरकान हसला. "ओयीतलं अंतर किती?"

"हातभर."

झालं. शेतकऱ्याच्या शब्दावर मिस्त्रीने कशाला शंका घ्यावी? त्याने सूर्यभानचा हात धरला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली आणि खडूने शटरवर लिहिलं : एकोणीस इंच. सायकलचं पुढचं चाक, मागे ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं तेरा इंची पातं, वर हँडल. भारनियमनात लाईट जेवढी मिळाली तेवढ्यात काम झालं. दिसायला डवरा मोठा झोकदार होता.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईने तो ओळीत घातला आणि ढकलला. चाक सुरेख धावलं. पण पातं दोन्ही अंगांनी कपाशीला भिडलं. ओळीच्या टोकाला जाईपर्यंत अकरा झाडं मुळासकट बाहेर आली होती. आपणच लावलेली झाडं हातात घेऊन लीलाबाई मटकन खाली बसली.

"मिस्तरीचे डोये गेले का?" सूर्यभान कडाडला. "आता जातो अन् त्याच्या डोक्यात घालतो हा डवरा!"

लीलाबाईने दोन ओळींच्या मधे मातीवर आपला हात आडवा ठेवला. कोपर एका झाडाला टेकलं, बोटं दुसऱ्याला. ना कमी ना जास्त.

"मिस्तरीनं कोनाचा हात मोजला?" तिने विचारलं.

"माह्या."

"अन् टोबलं कोनं?"

सूर्यभान काठीने ढेकूळ फोडायला लागला.

"मले इचारलं असतं, तं जीभ झिजली असती का तुमची?" ती उठली, धुऱ्यावर जाऊन दोर घेऊन आली. "राहू द्या. अर्धा दिवस गेला. मी ओढतो."

"ठेव थो दोर!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून, आयुष्यात क्वचितच निघाला असेल अशा सुरात म्हणाला, "लीला, एक डाव चाल माह्यासंगं तेल्हाऱ्याले. मंग तू म्हनशीन तसं."

दोघं डवरा घेऊन दुकानात पोचली तेव्हा दुपार झाली होती. वाटेत सूर्यभानने भांडणाची बरीच तयारी केली होती. चूक आपली आहे हे माहीत असलेल्या माणसाला भांडायला जास्तच जोर येतो. पण फुरकानने सगळं ऐकलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"गलती माही हाय, भाऊ. पेरलं कोनं हे म्या इचाराले पायजे होतं. तीस साल झाले लोखंड कापून राह्यलो, येवढी अक्कल नाई आली." आणि लीलाबाईकडे वळून म्हणाला, "वैनी, माफ करजा. तुमचा हात ठेवा इथं."

भांडण तिथेच विझलं. लीलाबाईने लोखंडी टेबलावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. फुरकानने अदबीने, हाताला स्पर्श न होऊ देता, दोन्ही टोकांना खडूच्या रेघा मारल्या. सोळा इंच भरले. बावीस वर्षं ज्या हाताची भाकर खाल्ली, तो हात आपल्या हातापेक्षा केवढा आखूड आहे, हे सूर्यभानला त्या दिवशी टेबलावर दिसलं.

पातं दहा इंचांवर कापून झालं. मग फुरकानने कोपऱ्यात पडलेलं सायकलचं मागचं चाक काढलं. मिस्त्री ते स्वतःलाच ठेवून घेणार, असं सूर्यभान मनात धरून बसला होता. तो जरा ओशाळला. फुरकानने दोन्ही चाकं शेजारीशेजारी एका छोट्या आसावर बसवली आणि म्हणाला, "भाऊ, जरा चालून दाखवा."

"कावून? सर्कस हाय का?"

"चाला तं खरं."

सूर्यभान काठी टेकत चालला. गेला, आला, पुन्हा गेला. फुरकान त्याच्या गुडघ्याकडे असा पाहत होता जसा एखादा जाणता बैलाची चाल पाहतो. मग त्याने सूर्यभानला खांबाला दोन्ही हात टेकवून उभं केलं आणि कमरेपाशी टेप लावली.

"चालवनार थे हाय," सूर्यभान करवादला. "तिचं माप घे ना."

"घेतलं ना वैनीचं," एवढंच म्हणून फुरकानने काळी काच डोळ्यांपुढे धरली. ठिणग्या उडाल्या, हँडलचा एक पाइप जोडला गेला, दुसऱ्याला हात घातला आणि लाईट गेली.

गल्लीतून एकदम "गेली रे!" असा आवाज उठला. बाहेर ऊन कलत होतं. उघाडीतला आणखी एक दिवस असाच सरत होता. लीलाबाई बाकावर खांदा सावरून बसली होती. फुरकानने घरातून चहा मागवला, तिच्यासाठी पंखा म्हणून पुठ्ठा दिला आणि अर्धवट पाइपापाशी उकिडवा बसून राहिला. त्याची दुसरी दोन कामं खोळंबली होती, एक गिऱ्हाईक चिडून गेलंही. पण तो हलला नाही. सूर्यभान हे बघत होता. परक्या माणसाला आपल्या बायकोच्या खांद्याची एवढी काळजी का, असा नेहमीचा वाकडा विचार त्याने करून पाहिला. तो टिकेना.

साडेचारला लाईट आली. शेवटचा जोड भरला, पाणी मारलं, वाफ निघाली. फुरकानने डवरा उचलून लीलाबाईपुढे न ठेवता सूर्यभानपुढे ठेवला आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"टाका वजन."

सूर्यभानने भीत भीत रुंद हँडलवर भार टाकला. दोन्ही चाकं जमिनीला घट्ट धरून उभी राहिली. त्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आखडलेला पाय मागून आपला आपला येत होता, कारण भार आता पायावर नव्हता, लोखंडावर होता. गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा काठीशिवाय एवढं चालला होता.

"म्या हे वैनीसाठी नाई बनवलं," फुरकान म्हणाला. "त्याईनं ओढलं तेवढं लय झालं. पेरलं त्याईनं, म्हनून पात्याले माप त्याईचं. चालवान तुमी, म्हनून हँडलले तुमचं."

लीलाबाईने हात जोडले. सूर्यभानने डवऱ्याला गोल फेरी मारली आणि म्हणाला, "रंग नाई देल्ला?"

फुरकान इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढच्या चार दिवसांत सूर्यभानने अडीच एकर डवरलं. स्वतः. लीलाबाई झाडांच्या बुंध्यातलं गवत खुरपीने काढत मागून यायची. पातं ओळींमधून असं जायचं जसं काही त्या ओळी त्याच्यासाठीच टोबल्या होत्या. झाडाला धक्का नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मधेच डवरा थांबवला आणि मागे वळून पाहिलं. काळीभोर मोकळी माती, दोन्ही बाजूंनी हिरवी कपाशी, आणि त्यात खुरपी हातात घेऊन ताठ चालत येणारी बायको. त्याचं मन भरून आलं. आपल्याला माणसं फार चांगली मिळाली आणि आपण त्यांच्याशी फार कंजूषपणे वागलो, असं त्याला लख्ख वाटलं. पाचव्या दिवशी पाऊस परतला. तोवर शेत स्वच्छ झालं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो मुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन फुरकानच्या दुकानात गेला. पिशवी टेबलावर ठेवली, तिची गाठ सोडली. मग एका दमात म्हणाला, "मिस्तरी, तुमी माह्यं शेत वाचवलं. मले मानसात आनलं. मी हे ईसरनार नाई." फुरकानने काच खाली ठेवली, शेंग सोलून तोंडात टाकली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "गोड हायेत." दोघांनाही त्याहून जास्त झेपलं नसतं.

तो घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. वऱ्हाडात त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकायचं आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. शेजारच्या गोठ्यांतून घुंगरं वाजत होती. ताथोडांचा गोठा रिकामा होता. लीलाबाई तिकडे न बघता ओसरीत तांदूळ निवडत बसली होती.

सूर्यभान चुलीपाशी गेला. वाटीत लोणी पातळ केलं, त्यात हळद कालवली, पळसाचं पान घेतलं आणि येऊन तिच्या मागे बसला. "पदर सरकव जरा," तो म्हणाला. उजव्या खांद्यावर दोराचा वळ अजून काळसर दिसत होता. त्याने पानाने त्यावर ऊन ऊन लोणी फिरवलं आणि म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

लीलाबाईचे हात तांदळात थांबले. "मी काय बैल हावो?"

"नाई. पन बैलाचे उपकार आमी वर्साले एक डाव तरी फेडतो. तुह्ये कधी बोललोच नाई."

तिने डोळे पुसले, वाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पळसाचं पान त्यात पुन्हा बुडवलं.

"फिरा तिकडं," ती म्हणाली. "बैल एकटा नसते, जोडी असते."

सूर्यभान फिरला आणि त्याने सदरा खांद्यावरून खाली घेतला.