ठशावर पालथं घातलेलं घमेलं

मित्रांनो, सत्याला सलग चार दिवस, नाकाला नाक लावून पाहण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ऋषीमुनींनी त्यासाठी हिमालय गाठला. मला ते उसाच्या बांधावर, चिखलात पालथं पडल्या पडल्या लाभलं. आणि स्पष्टच सांगतो, सत्याला कुत्र्याचा वास येत होता.

मी एक जुनं घमेलं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात, यंत्राच्या एका दणक्यात झाला. बालपण असं काही मिळालं नाही. संगमनेरच्या बाजारात एका दुकानाबाहेर मी टांगलेलो असताना कादर मिस्त्रींनी मला उतरवलं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "टनक हाय. डोईवर पडलं तर डोकं फुटंल, ह्ये न्हाई फुटनार." माझ्या आयुष्यात माझी झालेली ही एकमेव स्तुती.

कादर मिस्त्री रोज संध्याकाळी मला धुवायचे. सिमेंटचा एक ठिपका राहू द्यायचे नाहीत. वाळू घेऊन बूड घासायचे, मग कडा. मजुरांना म्हणायचे, "माल वाळला की घमेलं मेलं." किती शाळांचे, किती घरांचे स्लॅब माझ्यातून वर गेले! शेवटचा स्लॅब प्रवरेकाठच्या एका वस्तीवर, पुंजारामच्या घराचा पडला. त्या गडबडीत मिस्त्री मला तिथेच विसरले आणि माझे चांगले दिवस संपले.

पुंजारामने मला गोठ्यात नेलं. पुढची सहा वर्षं मी शेण वाहिलं. शेणाबद्दल माझी तक्रार नाही. ते जनावराच्या पोटातून येतं आणि आपण शेण असल्याचं लपवत नाही. पण मला धुण्याचं कोणाच्या मनात आलं नाही. आजच्यावर उद्याचं, उद्यावर परवाचं. माझ्या आत थर साचले. पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या. त्यांनीही काही दिवसांत मुक्काम हलवला.

असो. मुख्य घटनेकडे येतो.

जानेवारीतला सोमवार. सकाळी पुंजाराम उसाला पाणी दिलेलं पाहायला गेला आणि तिथूनच ओरडला, "वाघरू! वाघरू आलतं!" आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. बांधाच्या ओल्या मातीत एक ठसा उमटला होता. असा ठसा दिसला की तो झाकून ठेवायचा आणि वनखात्याला फोन करायचा, ही इथली रीत. झाकायला घरातलं सर्वांत नकोसं भांडं घेतात. पुंजारामने मला घेतलं.

मला पालथं घालण्याआधी त्याची मुलगी निकिता धावत आली. ती संगमनेरला कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. रोज दीड किलोमीटर उसातल्या वाटेने चालत रस्त्याला जायची, तिथून एसटी. ती वाकून बघत म्हणाली, "आण्णा, नखं दिसतायत की! बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. हे कुत्रं हाय."

"तुला बिबट्यानं येऊन सांगितलं व्हय?"

"मी कॉलेजातल्या मॅडमना फोटो पाठवते."

फोटो गेला, उत्तरही आलं: कुत्रा. पुंजारामने ते वाचलं आणि मोबाईल परत दिला. "तुज्या म्याडमनी आपलं शिवार बघितलंय का? मोबाईलात गाढवाचाबी घोडा दिसतो. उद्यापून कालेज बंद."

निकिताचा चेहरा उतरला. "शुक्रवारी प्रॅक्टिकल हाय आण्णा. ते बुडालं तर वर्ष गेलं."

"वरीस गेलं तर दुसरं येतं. पोरगी गेली तर?"

पुंजाराम वाईट माणूस नव्हता. शेवटी ओरडा ऐकून जमलेल्या चार लोकांदेखत त्याने शब्द दिला, "खात्याच्या मानसानं कुत्रं म्हनलं, तर शुक्कारी जा. वाघरू म्हनलं, तर घरी बस." आणि त्याने मला ठशावर घातलं. त्या पोरीचं अख्खं वर्ष माझ्याखाली होतं, मित्रांनो. मला प्रथमच वाटलं की आपल्याला महत्त्वाचं काम मिळालं.

वनखात्याचा माणूस "येतोच" म्हणाला. तो त्याच दिवशी येणार होता. तोवर बाकी सगळे आले.

आधी शेजारच्या लंकाबाई आल्या. मला उचललं, ठशाला हात जोडले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि त्यावर नारळाचं पाणी शिंपडलं. "वाघोबा, आमच्या शेरडांकडं बघू नकू रं बाबा." मला पुन्हा झाकलं. आत ते पाणी आंबलं. सहा वर्षांच्या शेणाला आंबलेल्या नारळपाण्याच्या दरवळाची जोड कशी लागते, याचं वर्णन मी करणार नाही. तुम्हाला जेवायचं असेल.

मग आजूबाजूच्या वस्त्यांवरची मंडळी आली. जो येई तो मला उचली. मोबाईल काढी, ठशाशेजारी स्वतःचं तोंड आणून फोटो घेई आणि जाताना गुटख्याची पिचकारी टाकी. बाजूला सगळं शिवार मोकळं होतं, तरी ती माझ्यावरच. मंगळवार संध्याकाळपर्यंत माझी पाठ लाल झाली होती. एक पाहुणे तर ती लाली पाहून हळू आवाजात म्हणाले, "रगत सांडलंय वाटतं." ती बातमी त्यांच्याआधी गावात पोचली.

पण खरी किळस मला बुधवारी आली.

बुधवारी कल्याण आला. हा ग्रामपंचायतीचा सदस्य, राहायला उसाच्या पलीकडच्या कडेला. शेजारच्या गावाला मागच्या महिन्यात बिबट्याचा पिंजरा मिळाला होता. लोक तो बघायला जात. पिंजऱ्यापुढे तिथल्या सदस्याचा हार घातलेला फोटो पेपरात आला होता. तेव्हापासून कल्याणला झोप नव्हती. रस्ता नाही, गटार नाही, आता पिंजराही नाही, म्हणजे विकासात आपला वॉर्ड किती मागे!

त्याने इकडेतिकडे पाहिलं, मला बाजूला सरकवलं आणि ठशापुढे उकिडवा बसला. अंगठ्याने त्याने नखांच्या खुणा हळूच पुसल्या. मग पंजा रुंद केला. बोटं टपोरी केली. मागे सरून पाहिलं; समाधान होईना. तेव्हा त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बोटं मोजली आणि ठशाला एक बोट वाढवलं.

तेवढ्यात निकिता आली. "कल्यान काका, काय करताय?"

"काय न्हाई गं. कचरा पडलता, काढला. साहेबाला नीट दिसाया पाह्यजे का नको?"

तिने ठशाकडे पाहिलं. नखं नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओरडून बापाला बोलावलं, पण पुंजाराम आला तोवर कल्याण मला पालथं घालून, माझ्यावर पाय ठेवून उभा होता. "पुंजारामभाऊ, पोरीला जप हां. लई मोठं वाघरू हाय." मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी जे बोललो असतो ते बालवाचकांसाठी नाही.

गुरुवारी दुपारी वनखात्याकडून माणूस आला. ती बाई निघाली. वनरक्षक अलफिया शेख. तिने मला दोन बोटांनी उचललं, नाक मुरडलं आणि लांब ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. चार दिवसांत योग्य प्रतिक्रिया देणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

झेंडू, कुंकू, हळद बाजूला करून ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हे पाचवं बोट कुणाचं?"

कल्याणने आपला हात खिशात घातला.

"बिबट्याची चार उमटतात. कुत्र्याचीही चारच," बाई म्हणाली.

"मोठ्या वाघराला पाच आसत्याल," कल्याण म्हणाला.

"माणसाला असतात," ती म्हणाली. "हा ठसा आता कुणाचाच राहिला नाही. यावरून मी काही सांगू शकत नाही."

निकिताने सोमवारचा फोटो पुढे केला, पण "मोबाईलातलं नगं," म्हणत पुंजारामने मान हलवली. त्याच्यापुरता निकाल लागला होता. आणि तेव्हा त्या बाईने एक प्रश्न विचारला, जो चार दिवसांत, इतक्या फोटोंनंतर आणि इतक्या पिचकाऱ्यांनंतर एकालाही सुचला नव्हता.

"जनावराला पाय किती?"

"चार," पुंजाराम म्हणाला.

"मग बाकीचे तीन कुठंयत?"

सगळे बांधाकडे बघू लागले. बांध तर त्यांनीच तुडवून सपाट केला होता. पण उसात मात्र भीतीपोटी कोणी पाऊल टाकलं नव्हतं. अलफियाबाई सरळ उसात शिरली. मागोमाग निकिता, तिच्यामागे नाइलाजाने बाप, आणि मला काखेत धरून लंकाबाई. पहिल्याच सरीत वाळून घट्ट झालेल्या मातीत ठशांची रांगच होती. चार बोटं, पुढे टोकदार नखं. एका मागोमाग एक ठसा बघत आम्ही ऊस ओलांडला आणि कल्याणच्या गोठ्यामागे बाहेर निघालो. तिथे एक दांडगं, पिवळं कुत्रं ऊन खात पडलं होतं. ते उठलं, आळस दिला आणि शेपूट हलवत वनखात्याचे बूट हुंगू लागलं.

"तुमचंच का?" बाईने विचारलं.

"मोकाट हाय. भाकरीपुरतं येतं," कल्याण म्हणाला. कुत्रं लगेच येऊन त्याच्याच पायाशी बसलं.

"कुत्रा," बाईने वहीत लिहिलं. निकिताने बापाकडे पाहिलं. पुंजाराम काही बोलणार, इतक्यात बाई सहज म्हणाली, "बिबट्या आहेच हो या भागात. तीन वर्षं झाली. नदीकडेच असतो. एकटं जाऊ नका, वाटेनं आवाज करत चला."

पुंजारामचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण शब्द चार लोकांदेखत दिलेला होता.

शुक्रवारी सकाळी तो मुलीच्या पुढे निघाला. एका हातात मी, दुसऱ्या हातात सळई. दीड किलोमीटर त्याने मला बडवलं. निकिता मागून म्हणत होती, "आण्णा, थांबा की आता, स्टॉपवरची पोरं बघतायत!" "यष्टी दिसूस्तर न्हाई," असं म्हणून तो आणखी जोरात बडवायचा. माझ्यात साचलेले सहा वर्षांचे थर त्या वाटेवर खपल्या होऊन गळले. लोकांनी मला धुतलं नाही. मारून स्वच्छ केलं.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. घमेलं वापरलंत तर त्याच दिवशी धुवा. ठसा दिसला तर त्याची पूजा करू नका, त्याला बोटं लावू नका, आणि त्याच्यावर आम्हाला घालण्याआधी पुढचा ठसा शोधा. थुंकायचंच असेल तर आपल्या घरी थुंका.

निकिताचं प्रॅक्टिकल झालं. तिला वीसपैकी अकरा मार्क पडले.