गळलेली अक्षरं

आप्पांनी स्पीकर ऐकून "छान आहे" म्हटलं आणि धाकटीला शंका आली.

आप्पा म्हणजे तिचे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघणार, मग नवरा-नवरी कोण ते. 'चालेल' ही त्यांच्याकडची सर्वात मोठी शाबासकी. 'छान' त्यांच्या तोंडून दोन्ही मुलांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून ते कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं ऐकत. ज्या डबड्यावर ऐकत, त्याचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. शेवटी भावंडांनी घरीच स्पीकर करायचं मनावर घेतलं. दादा सुतार. त्यानं प्लायवूडची दोन लहान खोकी केली, कोपऱ्यात नख शिरणार नाही इतकी नेटकी. धाकटी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती, तेव्हा आतलं सगळं तिच्याकडे आलं.

प्रत्येक खोक्यात दोन स्पीकर. मोठा वूफर जाड आवाजासाठी, बोटभर ट्वीटर बारीक आवाजासाठी. दोघांना आपापला वाटा नेमून द्यावा लागतो, ते काम क्रॉसओव्हरचं. एरवी तो अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर बसवतात, तांब्याच्या जाड वेटोळ्यांसह. धाकटीनं तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच बसवला. तिथे आवाज वाहून नेणारा विजेचा प्रवाह अजून अगदी नाजूक असतो, त्यामुळे दोन-चार रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढ्यावर भागतं. मात्र वूफरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, ट्वीटरला वेगळा. तसे छोटे बोर्ड तिच्याकडे होते. बोर्डांसोबत आलेल्या कागदावरचे आकडे घेऊन तिनं गणित मांडलं, सेकंदाला तीन हजार कंपनांवर वाटणी ठरवली, सोल्डरिंगचे डाग दिले, एक ढोलाचा ठेका वाजवून पाहिला. खोकी अशी घुमली की दादानं टाळीच दिली.

आणि मग ते 'छान'.

पुढचे आठ दिवस तिला चैन पडेना. कामावरून यावं तर स्पीकर बंद, आप्पा खिडकीशी बसलेले.

"ऐकलंत का आज?"

"ऐकलं की."

"कुठवर आलंय पुस्तक?"

"आलंय पुढे."

एवढंच. ज्या माणसाला पान आणि ओळ सांगितल्याशिवाय घास उतरत नसे, तो 'आलंय पुढे' म्हणतो? जेवतानाही ते गप्प असत. बोलायला गेलं की मान कलती करत आणि हसून वेळ मारून नेत. धाकटीचं कामावर लक्ष लागेना. एका इमारतीत तिनं एकच पॅनेल दोनदा उघडलं. सोबतचा मेकॅनिक म्हणाला, "बाई, लिफ्ट सहाव्यावर अडकलीये, तुम्ही तिसऱ्यावर काय शोधताय?"

रविवारी सकाळी दादा आला. तिनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"आप्पांचं काय बिनसलंय?"

दादा ओट्याची कड अंगठ्यानं चाचपत राहिला. लहानपणापासून खोटं बोलायचं झालं की तो हातापाशी येईल ते लाकूड नाहीतर फरशी तपासायचा.

"बोल."

"सांगू नको म्हणालेत. कानाच्या डॉक्टरची वेळ घ्यायला लावलीय मला. बुधवारची. ऐकू येईनासं झालंय म्हणतात."

धाकटी तशीच बाहेर गेली. आप्पा खुर्चीत होते. तिनं आडपडदा ठेवला नाही. "आप्पा, काय ऐकू येत नाही तुम्हाला?"

ते आधी चिडले, दादाचा उद्धार झाला, मग आवाज खाली आला. "श, ष, स. ऊष्म वर्ण सगळे गळलेत. 'शाळा' म्हणतो की 'आळा', कळत नाही. अंदाजानं वाक्य लावायचं. दोन पानांत डोकं शिणतं."

"आणि आम्ही बोलतो ते?"

"तुम्ही शेजारी येऊन ओरडता. त्यात काय कळणार?"

धाकटी पाय न वाजवता घराच्या पार टोकाला गेली आणि तिथून हलकेच कुजबुजली, "शेजारच्या शिंपिणीची शिवण सशासारखी सुबक."

"शिवणीला सशासारखी म्हणत नाहीत," आप्पा तिथूनच म्हणाले.

दादा हसला. धाकटीला हसू आलं नाही. म्हणजे बिघाड खोक्यांत होता. ती वाकून ट्वीटरला कान लावून बसली. पुस्तक चालू केलं. वूफर भडाभडा बोलत होता, ट्वीटरमधून जेमतेम उंदीर कुरतडल्यासारखी खसखस.

मग तिनं आधीच करायला हवं होतं ते केलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी येणारा प्रवाह किती अडतो, ते मोजायला घेतलं. कागदावर सत्तेचाळीस हजार ओम लिहिलं होतं. तेवढाच रेझिस्टर वाटेत घातला, तर बोर्डापाशी निम्मा व्होल्टेज उरायला हवा. फोनवर एकसुरी आवाज लावला, मल्टिमीटर टेकवला. निम्म्याच्याही निम्मा नाही. दहा हजारांचा घातला, तेव्हा बरोबर निम्मा. म्हणजे बोर्ड दहा हजारांचाच. तिचं सगळं गणित सत्तेचाळीसवर उभं. ट्वीटरची हद्द तीन हजारांवरून चौदा हजारांवर जाऊन बसली होती, आणि वूफर मात्र जवळपास ठरल्याप्रमाणे तीन हजारांनंतर अंग काढून घेत होता. मधला पट्टा बेवारशी. 'श' आणि 'स' राहतात ते नेमके तिथेच.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"गाढवपणा," ती म्हणाली. "माझा."

तिनं ट्वीटरकडचा कपॅसिटर पाचपट मोठा घातला, वूफरकडचा हिशोबही नव्यानं मांडून तिथले भाग बदलले. घाईत बोट भाजलं, ते तोंडात धरून तिनं दुसरं खोकं पुरं केलं. पुस्तक लावलं.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "थांब. आता 'स' टोचतोय. शिट्टी मारतोय मेला."

तिनं ट्वीटरच्या बोर्डावरचा आवाज कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू फिरवला.

"अजून. अजून थोडा. बस."

वाचणारा माणूस बोलत राहिला. शाळा, शिशिर, सावकाश, आवशेष. आप्पा ओठ हलवत एकेक शब्द झेलत होते.

"अवशेष. 'आ' नाही," ते पुटपुटले.

धाकटी त्यांच्यासमोर खाली बसली. "आप्पा, कान ठणठणीत आहेत तुमचे. चूक माझी होती. कागदावर विसंबले, मोजलं नाही."

आप्पांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "आठ दिवस! डोळे गेले तेव्हा म्हटलं, कान आहेत. आठ दिवस मी इथे बसून ठरवत होतो, कान गेल्यावर दिवस कसा काढायचा."

"मग मला का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेनं केलंस. तुला काय सांगायचं, बापाचे कान फुटले म्हणून?"

"सांगायचं! तुम्ही जगाच्या चुका काढता, माझी एक काढायची होती."

"चूक तुझी असेल असं वाटलंच नाही गं," आप्पा म्हणाले. ती उठून उगाच तारा गुंडाळू लागली.

दादा म्हणाला, "बुधवारची वेळ रद्द करतो मग."

"नको," धाकटी म्हणाली. "या वेळी मोजून घेऊ."

बुधवारी ती रजा टाकून सोबत गेली. दाराबाहेर तिनं बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानानं उत्तम, उजवा कान थोडा मंद आहे, वर्षानं पुन्हा दाखवा. आप्पा घरी येईपर्यंत त्या उजव्या कानावरून कुरकुरत होते.

संध्याकाळी पोचताच त्यांनी खुर्ची फिरवून डावा कान खोक्यांकडे केला आणि पुस्तक पहिल्या प्रकरणापासून लावायला सांगितलं. धाकटी दारातच उभी राहिली, बुटांसकट. पाच मिनिटं गेली, सात गेली. कुठल्याशा वाक्याला आप्पा एकटेच खुदकन हसले. तेव्हा कुठे ती बूट काढून हातपाय धुवायला गेली.