मृदुबाबांचं बटण

मृदुबाबांच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एकुलत्या एका दारातही माणसं कोंबलेली. यंत्राच्या पडद्यावर एका निवृत्त मास्तरांचं हृदय लालभडक दिसत होतं.

"लाल म्हणजे कडक! दगड झालाय, दगड!" बाबा गरजले. मग त्यांनी मास्तरांच्या छातीवर तळहात ठेवला आणि खाकरले. पडदा निळा झाला. "घ्या, झालं लोणी! गोळ्या टाका टोपलीत."

टोपली भक्तांनी टाकलेल्या हृदयाच्या गोळ्यांनी काठोकाठ भरली होती.

यंत्राशी बसलेल्या मशीनवालीनं मान वर केली नाही. बाबांचा तळहात शोभेचा. काम तिच्या अंगठ्याचं. तिची प्रमाणपत्रं बाबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली बाबांच्या गळ्यात. शिवाय इतक्या टोपल्या भरल्यावर तोंड उघडायचं, म्हणजे आधी आपलंच थोबाड फुटायचं.

"पुढचे!"

पुढची निघाली तिची सख्खी थोरली बहीण.

"ताई, तू? इथे?"

"अगं, तू यंत्रावर आहेस म्हणून तर विश्वास बसला!" ताईनं गोळ्यांची पट्टी नाचवली. "डॉक्टर म्हणतात जन्मभर घ्या. जळली मेली कटकट, आज टाकतेच."

मशीनवालीनं यंत्राची दांडी ताईच्या छातीवर टेकवली. बाबा खाकरले. अंगठा चित्र थांबवायच्या बटणावर गेला आणि ते न दाबताच अडून बसला. पडदा लाल झाला. निळसर झाला. लाल. निळसर.

बाबा पुन्हा खाकरले, मग खोकले.

"यंत्र बिघडलं!"

"आजच नीट चाललंय," ती म्हणाली. "हृदय आकसलं की त्याचा स्नायू कडक होतो, सैलावलं की मऊ. दर ठोक्याला, प्रत्येकाचा. मी आधी आकसलेलं चित्र थांबवायचे, आणि बाबा खाकरले की सैलावलेलं. झाला चमत्कार."

"पाखंडी! खोटारडी!"

"मग झोपा इथे. तुमचंही बघू."

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. पण दार माणसांनी बुजलेलं; भक्तांची ती भिंत त्यांनी स्वतःच उभारली होती. मास्तर तर टोपलीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

"दुसऱ्याच्या गोळ्या उचलू नका, मास्तर!" मशीनवाली ओरडली. "डॉक्टरांकडून नव्या लिहून घ्या."

ताई हळूच म्हणाली, "आणि माझं हृदय?"

"सैलावतानाही पुरतं निळं होत नाही गं. गोळी त्यासाठीच."

ताईनं पट्टी मुठीत घट्ट धरली. "आत्तापर्यंत किती टोपल्या भरल्यास?"

 मशीनवाली गर्दीकडे वळली.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कुणी थांबलेलं चित्र दाखवलं, तर एवढंच म्हणा: चालू करून दाखवा."