रितेशच्या उशाशी

नीराबाईने रुग्णालयात आया म्हणून सत्तावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावरही तिचं तिथे जाणं सुटलं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती प्रार्थनामंदिरातल्या वेणूबाईला सोबत घेऊन, पेजेचा डबा सांभाळत वॉर्डात यायची. ज्याच्याजवळ कोणी नाही त्याला भरवायची, त्याचं अंग पुसायची. निघताना विचारायची, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" कोणी नको म्हटलं, तर घरी जाऊन करायची.

नाताळ दहा दिवसांवर आला असताना खिडकीजवळच्या खाटेवर रितेश आला. सव्वीस वर्षांचा, बिहारचा, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. त्याने खोकला अंगावर काढला होता. सोबतच्या ड्रायव्हरांनी त्याला दाखल केलं तोवर क्षयाने दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. नीराबाई रोज येऊ लागली. तिचा नवरा गेला तेव्हा ती याच इमारतीत दुसऱ्या वॉर्डात ड्युटीवर होती. त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. हे ती कधी बोलायची नाही. गुडघे टेकले की मात्र एकच मागायची, "प्रभू, या पोराला घरी जाऊ दे."

शुक्रवारी दुपारी प्रणाली सिस्टरने तिला बाजूला घेतलं. "मावशी, आता थोडेच तास आहेत. भाऊ निघालाय, पण गाडी उद्या पोचेल."

तेवढ्यात रितेशचा फोन वाजला. नीराबाईने उचलला.

"कौन?" पलीकडून बाईचा आवाज आला.

"मैं नीरा. उसके पास बैठी हूँ, माई."

रितेशची आई होती ती. ती म्हणाली, "बहन, उसके मुँह में तुलसी और पानी डाल दो. मेरे हाथ से होना था."

वेणूबाईने ते ऐकलं. "हे आपलं काम न्हाय, नीरा. सिस्टरला सांग."

नीराबाईच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा स्वतःच्या हाताने अंगणातलं तुळशीवृंदावन काढलं होतं. त्यापायी सगळे भाऊबंद तुटले ते तुटलेच. तिने डोळे मिटून प्रभूला विचारलं. फोनमध्ये त्या बाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ती उठली. रुग्णालयामागे ठमीची चहाची टपरी होती, तिथल्या डब्यात तुळस लावलेली होती. विचारून तिने दोन पानं घेतली, नळाखाली धुतली. एक रितेशच्या जिभेवर ठेवलं आणि कापसाच्या बोळ्याने त्याचे ओठ ओले केले. फोन त्याच्या कानाशी धरला. आई तिच्या बोलीत काहीतरी सांगत राहिली, लहान मुलाला निजवताना बोलावं तसं. रितेशने डोळे उघडले नाहीत, पण नीराबाईच्या हातातली त्याची बोटं जराशी हलली.

पावणेचारला त्याचा श्वास थांबला.

"माई," नीराबाई म्हणाली, "गया." मग पलीकडचं रडणं ओसरेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. दुसऱ्या हाताने त्याचा हात धरून ती मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हणत राहिली.

रविवारी उपासनेत पाळकांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायचीय?" नीराबाई उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, तुळशीचंसुद्धा. "मी त्याचं आयुष्य मागत होते, ते मिळालं नाही," ती म्हणाली. "आणि मी केलं ते चुकलं असेल, तर प्रभूने माझ्याशी बोलावं. त्या आईला मात्र मला नाही म्हणता आलं नाही."

मग पाळक म्हणाले, "आपण त्या माउलीसाठी प्रार्थना करू. नाव काय तिचं?"

नीराबाईने ते विचारलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर वेणूबाई तिच्याजवळ येऊन थांबली. "मला अजून पटलेलं न्हाय," ती म्हणाली. "पण नंबर असेल ना तुझ्याकडं? लाव फोन. नाव विचार."

दोघी प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसल्या. शनिवारी भावाच्या हाती रितेशचा फोन देताना नीराबाईने आईचा नंबर उतरवून घेतला होता, तो तिने लावला. पलीकडे त्या बाईने आवाज लगेच ओळखला आणि ती बोलू लागली. नीराबाईला त्यातलं निम्मंच कळत होतं. वेणूबाई जवळ सरकली आणि कान लावून ऐकत राहिली.