पंख्यात बसलेला धूर

"तुम्ही ओढता," पेईजू दारातच म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

आकुनने बूट काढता काढता मान डोलावली. "जिन्याखाली एक ओढली, ताई. लोकांच्या घरात नाही ओढत."

"बाबांना दिलीत का कधी?"

"अहो, मी आज पहिल्यांदाच येतोय!"

पेईजूने त्याच्या पेटीकडे असं पाहिलं, जणू स्क्रू-ड्रायव्हरांखाली सिगारेटची पाकिटंच दडवलेली असावीत. ती दूर ताइचुंग शहरातल्या एका शाळेत नर्स होती. पोरांची दप्तरं तपासायची सवय सुट्टीत माहेरी आल्यावरही सुटत नव्हती.

आकुन घरोघरी जाऊन कॉम्प्युटरचे पंखे बदलायचा. कीलुंग बंदराची हवा ओली आणि खारट. पंखे तिथे टिकत नाहीत, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. संशयाची तर त्याला सवयच होती. मशीनचं झाकण काढलं की गिऱ्हाईक खुर्ची ओढून समोर बसायचं, जणू हा माणूस आतलं काहीतरी खिशात घालून पसार होणार.

"डाव ऐन रंगात आला की बंद पडतं बघ," खिडकीशी बसलेले ज्येन काका म्हणाले. बंदरावर आयुष्यभर क्रेन चालवलेला माणूस. आता एका फुप्फुसाचा तुकडा डॉक्टरांनी काढून घेतलेला, आणि दिवसभर कॉम्प्युटरवर अनोळखी लोकांशी बुद्धिबळ. "समोरच्याला वाटतं, म्हातारा हरायला लागला की पळ काढतो. पळपुटा म्हणतात मला तिथे."

"पंखा बदला फक्त," पेईजू म्हणाली. "हा एवढा मोठा कशाला आणलात?"

"मोठा पंखा सावकाश फिरतो, ताई, आणि वारा जास्त देतो. छोटा नुसता बोंबलतो."

"बिलही मोठंच असेल."

आकुनने मशीनचं झाकण काढलं. त्याने जुना पंखा काढला. खाली पातळ पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा होता. मशीनची उष्णता हा ठोकळा ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. पण इथे पात्यांमधून सुई जायलाही जागा नव्हती. त्याने बोट फिरवलं. साधी धूळ करडी असते, फुंकर मारली की उडते. हे पिवळट होतं आणि बोटाला चिकटत होतं. आकुनला वासही घ्यावा लागला नाही. म्हातारा मोठा लबाड दिसतोय, त्याच्या मनात आलं.

"काय आहे ते?" पेईजूने विचारलं.

"धूळ."

"धूळ अशी चिकटते?" ती खाली वाकली. "खरं सांगा हं. यांच्या धुरानेच माझी आई गेली. पुन्हा ओढणार नाही म्हणून मला वचन दिलंय यांनी. ते मोडलं असेल तर या घराला कुलूप. उद्या माझ्याबरोबर ताइचुंगला."

ज्येन काका खिडकीबाहेर बघत राहिले. खाली बंदरात क्रेनचा हात हळूहळू वळत होता. रोज त्यांचा चहा त्या क्रेनला नावं ठेवत संपायचा. ताइचुंगला त्यांनी कोणाला नावं ठेवायची?

"पुसून बघतो, मग सांगतो," आकुन म्हणाला. "एखादं जुनं फडकं द्या."

ती आत गेली. आकुन वर भिंतीतला प्लग काढायला स्टुलावर चढला. कॉम्प्युटरच्या बरोबर वर देव्हारा होता. काकांच्या बायकोचा फोटो, आणि पुढे राखेने भरलेलं उदबत्त्यांचं भांडं. राखेत उदबत्त्यांच्या लाल काड्या उभ्या होत्या. त्यांच्यात एक सिगारेटचं थोटूकही होतं, तसंच उभं.

"काका, हे काय?"

"हळू बोल." म्हाताऱ्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिची आहे."

"कोणाची?"

काकांनी हनुवटीने फोटो दाखवला. "मासे विकायची ना. पहाटे बर्फात हात घालून घालून बोटं गोठायची, तेव्हा लागली. माझ्याहून जास्त ओढायची! माशांच्या वासात कोणाला कळतंय? पोरीला शेवटपर्यंत पत्ता नाही. आणि लागू देऊ नका म्हणून शपथ घातली मला."

"आणि तुम्ही?"

"तिला पोहोचवून आलो, त्यानंतर झुरका नाही. संध्याकाळी तिच्यापुरती एक लावतो. गॅसवर पेटवतो, तोंडाला लावत नाही."

आकुनला ते सहजासहजी पटलं नाही. त्याने म्हाताऱ्याची बोटं पाहिली. त्याची स्वतःची दोन बोटं कधीची पिवळी पडली होती. म्हाताऱ्याची स्वच्छ होती.

"मग सांगून टाका ना ताईंना. सुटाल."

"मी सुटेन," काका म्हणाले. "आणि ती?" त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

पावलं वाजली. आकुनने थोटूक उपसून खिशात टाकलं आणि खाली उतरला. पेईजूने फडकं पुढे केलं. त्याने एक पातं पुसलं आणि डाग उजेडात धरला.

"उदबत्ती आहे," तो म्हणाला. "हल्लीच्या उदबत्त्यांत तेल फार असतं, ताई. या दमट हवेत असं चिकटून बसतं."

पेईजूने डागावर बोट फिरवलं. मग तिची नजर वर भांड्याकडे गेली.

"म्हणजे एवढा धूर रोज यांच्या छातीत जातोय?"

हा विचार आकुनने केलाच नव्हता. पण आता शब्द मागे कसा घेणार? त्याने मुकाट्याने तांब्याच्या नळ्यांचा नवा ठोकळा बसवला, वर मोठा पंखा लावला आणि मशीन चालू केलं.

"चालतोय ना? आवाजच नाही," पेईजू संशयाने म्हणाली. त्याने तिला तळहात मशीनमागे धरायला लावला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

हिवाळा सरल्यावर तिनेच फोन केला. ती आली होती, तर मशीन साफ करून घ्यायचं होतं.

आकुनने आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं. राखेचं भांडं नव्हतं. त्या जागी विजेच्या तीन उदबत्त्या होत्या, टोकांना लाल बारीक दिवे. भांडं घासूनपुसून खिडकीत ठेवलेलं होतं, आणि त्यात काकांच्या गोळ्यांची पाकिटं होती.

त्याने झाकण काढलं. पाती नव्यासारखी लखलखत होती.

"बघा! काहीच बसलं नाही," पेईजू आनंदाने म्हणाली. तिला हसताना तो पहिल्यांदाच पाहत होता. तिने पेरू चिरून त्याच्यापुढे ठेवले. "तुमच्यामुळे कळलं हो. मी उगाच बाबांवर संशय घेत होते. खा ना."

आकुनने एक फोड कशीबशी गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ मशीन बघून त्याला वाईट वाटत होतं.

"छान पंखा आहे," ज्येन काका म्हणाले. "आता मला कोणी पळपुटा म्हणत नाही."

दारापर्यंत सोडायला तेच आले. आकुन बूट घालत होता. काका भिंतीला धरून उभे राहिले.

"तुझी सुटली का रे?"

"नाही, काका."

"मग खाली गेलास की एक पेटव. आमच्या खिडकीखाली." ते जरा थांबले. "ओढू नकोस."

खाली बंदरावरून वारा सुटला होता. आकुनने आडोसा करून लायटरची ज्योत सिगारेटच्या टोकाशी धरली. तोंडाने ओढल्याशिवाय ती लवकर पेटेना. पेटली, तेव्हा त्याने ती चिमटीत सरळ उभी धरली. धूर भिंतीला धरून वर चढू लागला.

वर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी वीतभर उघडली.

"बाबा, लावा ती खिडकी," पेईजूचा आवाज आला. "खाली कोणीतरी ओढतंय."

खिडकी उघडीच राहिली. सिगारेट बोटांपर्यंत जळत येईतो आकुन हात न हलवता उभा होता.