अक्रोडाच्या दस्त्याची खंडेनवमी

सुनेत्राने रायफल घेतली तेव्हा मिल्टन कीन्समधल्या आपल्या मंडळींनी नाकं मुरडली. तिने पहिलं हरीण पाडलं तेव्हा त्याच मंडळींपैकी तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करून, आवाज खाली आणून, थोडं मटण उरलंय का म्हणून विचारलं. एकाला तर घरपोच हवं होतं, बायको झुंबाला गेली की.

घटस्फोटानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला कुणीतरी हा नाद लावला. नवऱ्याच्या वाट्याला मित्रमंडळी आली, हिच्या वाट्याला घर आणि रिकामे शनिवार. ते भरायला विमा कंपनीतल्या डेटावर शनिवारीसुद्धा काम करून ती कंटाळली होती. तेवढ्यात नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका सिंडिकेटमध्ये जागा निघाली. सिंडिकेट म्हणजे सात माणसं. एका शेतकऱ्याच्या जमिनीवर गहू फस्त करणारी फॅलो हरणं ठरलेल्या संख्येत मारायची, आणि बाकीचा वेळ ओल्या झुडपाखाली गप्प बसून राहायचं. तिथे तिला कुणी नवऱ्याबद्दल विचारत नसे. कुणी काहीच विचारत नसे. एवढ्यासाठी तिने गोठलेल्या पायांचं दुःख आनंदाने सोसलं असतं, आणि सोसतही होती.

फक्त एक अट होती. हरिणींचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑक्टोबरात प्रत्येकाने परीक्षा द्यायची. शंभर यार्डांवर चार इंचांचं वर्तुळ, तीन गोळ्या, तिन्ही आत. एक बाहेर गेली की जागा गेली. बाहेर नऊजण यादीत नंबर लावून बसले होते. सिंडिकेटचा प्रमुख माल्कम मागच्या वर्षी स्वतःच्या मेव्हण्याला नापास करून संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेला होता.

या वर्षी परीक्षा शनिवारी दहाला होती, आणि शुक्रवार उजाडला तरी सुनेत्राचं दस्ता कोणता लावायचा हे ठरलं नव्हतं.

रायफलला मूळचा अक्रोडाचा लाकडी दस्ता होता. तेल पाजलेला, मधाच्या रंगाचा, गालाला लागला की बरं वाटावं असा. नकुल म्हणायचा, हे लाकूड आता म्युझियमला दे. नकुल तिच्याच ऑफिसातला, नागपूरचा, तिच्यासारखीच रायफल बाळगणारा. पण त्याची रायफल सलाइनच्या स्टँडसारखी दिसायची. दस्त्याऐवजी ॲल्युमिनियमची चॅसी, तिला ठिकठिकाणी स्क्रू, गालाची उंची वाढवा, खांद्याची लांबी कमी करा. अशा दोन चॅसी त्याच्याकडे होत्या. त्यातली एक त्याने सुनेत्राला वापरून बघायला दिली होती, आणि रोज दुपारी जेवताना तो तिची विचारपूस चॅसीपासून सुरू करायचा.

दुसऱ्या बाजूला होते तिचे वडील, कमलाकरराव. जूनमध्ये पुण्याहून आले होते. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं रायफलींच्या तपासणी विभागात टायपिस्ट म्हणून काढली, आणि त्या बळावर रायफल या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा असे. आयुष्यात एकही गोळी झाडलेली नव्हती. चॅसी म्हटलं की त्यांना ट्रकच आठवायचा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी ती शिडीचा तुकडा समजून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती. लाकूड ते लाकूड, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यापुढे कारण देण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

सुनेत्राने दोन्ही लावून पाहिले होते. दोन्हींनी गोळ्या सारख्याच पडत. म्हणजे निवड पूर्णपणे तिच्यावर आली, आणि याचाच तिला राग येत होता. शुक्रवारी सकाळी ती दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ऑफिसला गेली. नळी आणि बाकीचं यंत्र लोखंडी कपाटात होतं, कारण त्याची चावी बापालाही द्यायची नाही असा या देशाचा कायदा आहे. दस्त्याला मात्र कसलंच लायसन्स लागत नाही. दस्ता म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसतं लाकूड. टेबलावर ठेवा नाहीतर बागेत टोमॅटोला आधार द्या.

त्या दिवशी खंडेनवमी होती. तिच्या लक्षात नव्हतं. कमलाकररावांच्या लक्षात होतं.

संध्याकाळी ती घरी आली तर दिवाणखान्यात पाट मांडलेला. पाटावर भाजीची सुरी, गाडीची दुसरी किल्ली, तिचा जुना लॅपटॉप, आणि मधोमध अक्रोडाचा दस्ता. त्याला हळदकुंकू, वर झेंडू, खाली घडी केलेला टॉवेल. चॅसीलाही त्यांनी पाटाच्या कडेला जागा दिली होती, पण कुंकवाचा एकच ठिपका लावून, पाहुण्याबरोबर आगाऊ आलेल्या माणसाला चहा द्यावा तशी.

ती म्हणाली, मला आत्ता तो जोडून बघायचाय, उद्या परीक्षा आहे. ते म्हणाले, पूजेतलं शस्त्र दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. ती म्हणाली हे शस्त्र नाही, लाकूड आहे, पोलिसांना विचारा. ते म्हणाले, पोलिसांना काय कळतंय. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. निवड तिच्या हातून परस्पर निघून गेली होती. ज्याची पूजा झाली तोच उद्या जाणार. आई गेल्यावर बाबांनी पहिल्यांदाच स्वतःहून पूजा मांडली होती, हेही तिने पाहिलं. ती पुरणपोळी खाऊन झोपली.

शनिवारी सकाळी सातला उत्तरपूजा झाली. तिने कपाट उघडलं, नळी दस्त्यात बसवली, स्क्रू आवळले. मग सवयीप्रमाणे नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. नळी लाकडाला कुठे टेकता कामा नये. टेकली की गोळी मनाला येईल तिकडे जाते. पट्टी तीन इंच गेली आणि अडकली. तिने पलीकडून घातली. तीही अडकली.

"बाबा," ती म्हणाली, "काल याला काय केलंत?"

काही नाही, नेहमीचंच. आधी पाण्याने स्वच्छ धुतला, मग पंचामृत, मग परत पाणी. तूप कमी पडलं म्हणून दूध जरा जास्त घेतलं, फ्रिजमध्ये ते पातळ सेमी-स्किम्ड होतं तेच. नळी बसते त्या आतल्या पन्हळीत साचलं होतं, ते त्यांनी तसंच जिरू दिलं. पुसून घालवायचं तरी कसं, तीर्थच ते.

बाहेरून त्या लाकडाला तेल होतं. आतली पन्हळ मात्र कोरडीठाक, आणि तिने रात्रभर अर्धा पाइंट दूध पिऊन घेतलं होतं. सुनेत्राच्या जिभेवर एक शब्द आला, जो बापासमोर उच्चारत नाहीत. तो तिने गिळला, पण चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत असावा.

कमलाकरराव जवळ आले. त्यांनी चष्मा वर केला, पट्टी स्वतःच्या हाताने सरकवून पाहिली, आणि खुर्चीत बसले.

"वूड स्वोलन. बॅरल कॉन्टॅक्ट. रिजेक्टेड," ते म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "हजार वेळा टाइप केलं असेल मी हे. लाकूड का फुगतं ते कधी कुणाला विचारलं नाही."

मग ते उठले, पाटाकडे गेले आणि चॅसी उचलून तिच्यासमोर ठेवली.

"ही लाव. शिडी तर शिडी."

रेंजवर पोचायला नऊ पन्नास झाले. वाटेतली सगळी राउंडअबाउट तिने दात आवळून पार केली. बाबा शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि त्यांनी एकदाही रस्त्याबद्दल मत दिलं नाही. एवढ्यावरून त्यांची अवस्था कळावी.

माल्कमने चॅसीकडे पाहिलं, तिच्यावरच्या कुंकवाच्या ठिपक्याकडे पाहिलं, आणि भुवई उचलली. दस्ता बदलला की नेम पुन्हा जुळवावा लागतो, म्हणून नियमाप्रमाणे दोन गोळ्या आधी झाडायला मिळतात. ती पालथी झोपली. पहिली गोळी हातभर उजवीकडे गेली. तिने रायफलवरच्या दुर्बिणीची फिरकी फिरवली. दुसरी वर्तुळाच्या अगदी वरच्या कडेला लागली. तिने आणखी थोडी फिरवली, अंदाजाने, आणि आता पुढच्या तिन्ही मोजल्या जाणार होत्या.

पहिली आत. दुसरी आत. तिसरीच्या वेळी तिला नवरा आठवला नाही, नऊजणांची यादी आठवली नाही. फक्त मागे बाकावर बसलेला म्हातारा श्वास रोखून आहे हे कळत होतं, आणि त्याचा तिला प्रचंड राग आला. रागातच तिने सावकाश श्वास सोडला आणि चाप दाबला.

माल्कम कागद घेऊन आला. तिसरं भोक रेषेवर होतं, पण अर्ध्याहून जास्त आत. रेषेला लागली म्हणजे आत, तो म्हणाला, आणि तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मग त्याने विचारलं, तो सुंदर अक्रोड कुठे गेला?

सुनेत्राने तिथल्या तिथे थाप मारली. चॅसी खांद्याला नीट बसते, लांबी कमी करता येते, लाकूड आता तसं जुनंच झालंय, वगैरे. नकुलने ऐकलं असतं तर त्याने पेढे वाटले असते.

"नो, सर," मागून आवाज आला. कमलाकरराव बाकावरून उठून उभे राहिले होते, साहेबासमोर उभं राहावं तसे. "आय वॉश्ड इट. विथ मिल्क. इट इज माय मिस्टेक, नॉट द वूड्स."

माल्कमने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. दूध कोणतं, एवढंच त्याने विचारलं. सेमी-स्किम्ड, हे ऐकल्यावर त्याने गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

दोघं गाडीत बसून परत निघाले.

"थाप कशाला मारलीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"ते सकाळीच वाटलं होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "तिसरी बाहेर गेली असती तर?"

खोटं बोलून एकदा भागलं होतं, आता तिला पुन्हा जमेना. "तर मी तुमच्याशी बोलले नसते."

"किती दिवस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "दिवाळीपर्यंत तरी."

कमलाकररावांनी बोटांवर मोजलं. "माझं तिकीट दिवाळीच्या आठ दिवस आधीचं आहे," ते म्हणाले.

सुनेत्राने राउंडअबाउटला एक फेरी जास्त मारली, कारण कुठल्या फाट्याने बाहेर पडायचं ते तिला दिसेना. डोळे पुसून तिने गाडी घराच्या रस्त्याला लावली.

"तिकीट बदलून घेऊ," ती म्हणाली. "व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे."

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. बदलायला पैसे पडतात, थंडी सोसत नाही, पुण्याच्या घरात नळ गळतो, असं सगळं त्यांनी क्रमाने सांगून घेतलं. घराजवळच्या वळणावर त्यांनी घसा साफ केला.

"भिजलेलं लाकूड हळूहळू वाळवावं लागतं. हीटरजवळ ठेवलं तर तडकतं. सहा आठवडे, आमच्याकडे असंच लिहायचे," ते म्हणाले. "कुणीतरी रोज बघायला हवं त्याच्याकडे."